खासगी कागदपत्रे (ग्रंथालयीन संग्रह)

एखादी व्यक्ती, घराणे किंवा संस्था यांनी आपल्या व्यवहारात लिहिलेले, मिळवलेले व सांभाळलेले कागद विद्यापीठाच्या संशोधन ग्रंथालयात एकत्र जतन केले जातात, त्याला खासगी कागदपत्रांचा संग्रह म्हणतात. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळू शकते. हस्तलिखित पत्र सहसा एकच असते. संग्रहात पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे, दस्तऐवज, हस्तपत्रके असे काहीही असू शकते.

ग्रामीण विदर्भात या कागदांचे स्वरूप मुलखानुसार बदलते. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सरकार शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेई. तिथे वतनदार घराण्यांची दफ्तरे, सावकारी वह्या आणि जिनिंग-प्रेसिंगचे हिशेब सापडतात. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (चंद्रपूर) भागात 1951 पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार वसूल करून सरकारला भरी. तिथल्या वाड्यांत गावच्या वसुलीच्या वह्या आणि जंगलातील लाकूड, चराई यांच्या हक्कांचे म्हणजे निस्ताराचे कागद निघतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत नाटकांच्या हस्तलिखित संहिता व जाहिरातींचे कागदही जमा करण्याजोगे आहेत, पण नाटक संपल्यावर ते बहुधा रद्दीत जातात. नागपूर (1923), अमरावती (1983) आणि गडचिरोली (2011) येथील विद्यापीठांना हा सारा मुलूख जवळचा आहे.

कागद आणण्याचे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे. मे महिन्यात कोरडा पडलेला कागद घडीवर तुटतो. पावसाळ्यात ओल व बुरशी सोबत येते. बस्ता, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे, देणाऱ्याच्या घरी उघडू नये. आधी तो जिथे ठेवला आहे त्या जागेचे, मग बस्त्याचे छायाचित्र घ्यावे, बाहेरून क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि माळ्यावर होता की पेटीत, सोबत काय होते, हे वहीत टिपावे. पोत्यात कोंबून आणल्यास कडा झिजतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात सपाट ठेवून आणावे. दानपत्रावर सर्व वारसांच्या सह्या हव्यात. कागद कायमचे दिले की ठेवायला दिले, हेही त्यात स्पष्ट लिहावे. एकट्या थोरल्या भावाच्या सहीवर आणलेला संग्रह पुढे वाटणीच्या वादात अडकतो.

ग्रंथालयात आल्यावर संग्रह थेट भांडारात नेऊ नये. वाळवी व कसरीचा संशय असल्यास बस्ता प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांवर साधारण आठवडाभर गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवतात, नाहीतर गार कागदावर पाणी धरते. जुन्या बस्त्यांवर अनेकदा कीटकनाशक भुकटी मारलेली असते. मुखपट्टी व हातमोजे घालूनच ते उघडावेत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र किडीपेक्षा हौशी मदतनिसाकडून होते. तो कागद तारखेप्रमाणे लावतो. सावकाराने कर्जखत, त्याच कर्जदार कुळाची विनवणीची चिठ्ठी आणि कापसाच्या गाड्यांची पावती एका दोऱ्यात ओवली असेल, तर तो दोराच माहिती आहे. तो सुटला की चिठ्ठी कोणत्या कर्जाबद्दल होती, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून मूळ क्रम ठेवावा आणि दोन घराण्यांचे कागद विषय एक असला तरी मिसळू नयेत. तारखा लावायच्या त्या फक्त सूचीत. शकात 78 मिळवले, तर सुमारे इसवी सन मिळते, फसली या महसुली सनात 590. वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एका वर्षाची चूक संभवते, त्यामुळे मूळ तारीख जशीच्या तशी लिहून रूपांतर कंसात द्यावे.

टाचण्या, स्टेपल व रबर काढावेत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये: काही वर्षांत ती पिवळी पडते व डाग कायम राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठातील स्टार्चची खळ वापरावी, पण आधी शाई तपासावी. काजळाची पारंपरिक शाई पाण्याने पुसली जाऊ शकते आणि लोहयुक्त शाई कागदालाच जाळते. फोल्डरवर फक्त शिसपेन्सिलने लिहावे.

विदर्भातील भांडारात कूलर लावण्याची सवय घातक आहे. तो ओली हवा आणि धूळ आत ओढतो, शनिवार-रविवारी बंद राहतो, आणि खोलीची आर्द्रता आठवड्यात खूप वर-खाली होते. हे चढउतार कागदाला स्थिर कोरडेपणापेक्षा जास्त छळतात. आर्द्रता शक्यतो 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. ते जमत नसेल तर जाड भिंतीची, पश्चिमेकडे खिडकी नसलेली खोली निवडावी आणि खोकी लोखंडी घोडीवर, भिंतीपासून व जमिनीपासून अंतर राखून ठेवावीत.

पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असतो, पण मजकुरावरील स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. देणगीदार आपल्याला आलेल्या पत्रांचे छपाईचे हक्क देऊ शकत नाही. ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाची, किमान 75 वर्षे जुनी हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि ती परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत. कर्ज, जात, आजार किंवा भांडणाविषयीचे कागद हयात व्यक्तींचे असल्यास ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवतात. मुदत दानपत्रातच नोंदवतात. वाचकाला एका वेळी एकच फोल्डर देतात, आणि त्याने संदर्भात संग्रहाचे नाव, खोका व फोल्डर क्रमांक द्यावा लागतो.