बादलीतला भुईमूग आणि डोंगरापलीकडचा पत्ता

गेल्या जूनमध्ये चेंबूरच्या आमच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीला खालून भोकं पाडून मी भुईमुगाचे चार दाणे लावले. सोसायटीत टवाळी झाली. खारे दाणे लावलेस का, असंही एकानं विचारलं. महिन्याभरात रोपं वीतभर झाली, पिवळी फुलं आली आणि दोन-चार दिवसांत फुलांच्या जागी हिरवट-जांभळे दोरे लोंबायला लागले. मला वाटलं, कीड लागली. फोटो पाठवला तर कराडकडच्या मामांचा लगेच फोन. "अगं, आऱ्या सुटल्या! आता कुंडी हलवू नकोस आणि बुडाशी मातीची भर लाव."

ही आरी निवांत बघण्यासारखी असते. फुलाचं फलन जमिनीच्या वर, उजेडात होतं. मग फूल सुकतं आणि त्याच्या तळाशी असलेला देठासारखा भाग लांब होत सरळ खाली निघतो. बीजांड असतं त्याच्या अगदी टोकाला. टोक मातीत शिरून थोडं खोल गेलं की आडवं वळतं, आणि मगच शेंग फुगते. शेंग फुगायला अंधार लागतो. आरी हवेतच लटकत राहिली तर शेंग धरत नाही, काही दिवसांनी वाळून जाते. शेतात भर लावतात किंवा पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात ते एवढ्याचसाठी, की आऱ्या मातीला टेकाव्यात. माझ्या बादलीतल्या दोन आऱ्या काठावरून बाहेर लोंबत होत्या. त्यांच्याखाली थेट पाच मजले.

आमच्या गॅलरीतून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. मुंबईकराला तिथली अणुभट्टी ठाऊक असते, पण तिथे भुईमूगही पिकतो हे फार थोड्यांना माहीत असतं. बियाण्याच्या दुकानात 'टॅग-२४' मागणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र नकळत ट्रॉम्बेचं नाव येतं. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, जी म्हणजे ग्राउंडनट. हा वाण केंद्रानं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार केला. टीकेजी-१९ए मधला के कोकणचा, तिथे जोडीदार दापोलीचं कृषी विद्यापीठ. टीएलजी-४५ मधला एल लातूरचा. वाणाचं नाव म्हणजे असा पत्ताच असतो.

आता अणुकेंद्राचा शेंगांशी काय संबंध? १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवून दिलं की किरणांनी जनुकांत बदल घडतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतात. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी बार्लीत तेच दाखवलं. निसर्गात असे बदल होतच असतात, फक्त फार सावकाश. किरणांनी त्यांचा वेग वाढतो. ट्रॉम्बेत जुन्या 'स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड' भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून जे निराळे झाड हाती लागले, त्यातून मोठ्या दाण्याचा टीजी-१ आला, १९७३ साली.

इथे हमखास एक शंका येते: मग त्या शेंगा किरणोत्सारी नाहीत का? नाहीत. छातीचा एक्स-रे काढून घरी आल्यावर आपण काही किरणं फेकत बसत नाही, तसंच बियाण्याचं. क्ष-किरणांप्रमाणे गॅमा किरणही बियाण्यावर सोडतात; कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या त्या किरणांत दाण्याला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते. किरण आरपार जातात, मागे राहतो तो जनुकांतला बदल. आणि आपल्या ताटात येतो तो त्या बियाण्याच्या कित्येक पिढ्यांनंतरचा वंशज.

किरण सोडले की वाण तयार, असं मात्र नसतं. मारा जास्त झाला तर बी उगवतच नाही. उगवलेल्या पहिल्या पिढीत बहुतेक बदल झाकलेले राहतात, कारण जनुकाची दुसरी, धड प्रत वेळ मारून नेते. झाडं स्वपरागित होऊन दुसरी पिढी आली की काही झाडांत दोन्ही प्रती बदललेल्या निघतात आणि वेगळेपण डोळ्यांना दिसतं. भुईमुगात आणखी एक पीडा. तो दोन रानटी जातींच्या संकरातून झालेला असल्यानं त्याच्याकडे गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात, म्हणजे झाकायला जास्त जागा. आणि जे दिसतं त्यातलं बहुतेक टाकाऊच: खुजं, वांझ, पांढुरकं. संशोधक ओळीनं हजारो झाडं बघत चालतात आणि एखाद्याच झाडाला खुणेची चिठ्ठी बांधतात. किरणांबद्दल खूप बोललं जातं, पण माझ्या मते खरं काम या चालण्यातच आहे.

निवडलेली झाडं मग एकमेकांशी संकरित करायची. फूल एवढंसं, स्वतःच स्वतःला फलित करणारं. म्हणून आदल्या संध्याकाळी चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. टॅग-२४ असाच संकरातून आला. झाड ठेंगणं, पानं गर्द हिरवी आणि वाढीचा मोठा वाटा पाल्याऐवजी शेंगांकडे.

मला सगळ्यांत आवडलेला गुण मात्र झोपेचा आहे. उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या, जातीचा दाणा पिकला की लगेच रुजायला तयार असतो. काढणीच्या वेळी पाऊस झाला तर शेंगेतच मोड येतात आणि माल गेला. टीजी-२६ चा ताजा दाणा सुमारे २० दिवस झोपून राहतो. काढणी उरकायला तेवढी सवड पुरते.

भुईमुगाखेरीज मूग, तूर, मोहरी यांचेही ट्रॉम्बेचे वाण आहेत. १९८५ चा टीएयू-१ हा उडीद तर महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षं मोठ्या क्षेत्रावर होता. माटुंग्याच्या इडलीत तोही कधी दळला गेला असेल.

सप्टेंबरात मी बादली उपडी केली. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली, तर आतून गुलाबी. त्या गाठीत रायझोबियम जीवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. गुलाबी रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. ते द्रव्य प्राणवायू आवरून धरतं, नाहीतर जीवाणूंचं नत्राचं यंत्र बंद पडेल. म्हणून तर पेरणीआधी गुळाच्या पाण्यात हे जीवाणू कालवून बियाण्याला चोळतात.

शेंगा निघाल्या चौदा. त्यातल्या सहा पोचट, वाजवल्या की खुळखुळ्यासारख्या. फोनवर मामांनी एकच विचारलं, "जिप्सम टाकलं होतंस?"

नव्हतं टाकलं. झाडात कॅल्शियम चढतं ते पाण्याबरोबर, आणि पाणी वर ओढलं जातं ते पानांतून बाष्प उडतं म्हणून. शेंग असते मातीत, तिथून बाष्प उडणार कसं? त्यामुळे मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पानांत जातं आणि पानांतून माघारी फारसं येत नाही. शेंगेला आपल्या वाट्याचं कॅल्शियम टरफलातून, सभोवतालच्या मातीतूनच घ्यावं लागतं. तिथे ते नसेल तर वरून झाड हिरवंगार आणि खाली दाणाच भरत नाही. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, मातीत देतात. ते चुनखडीपेक्षा लवकर विरघळतं, वर गंधकही मिळतं. माझ्या बादलीत होता दुकानातला तयार कोकोपीट आणि खत, म्हणजे पानांची चैन आणि शेंगांची उपासमार.

काठावरून लोंबणाऱ्या त्या दोन आऱ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. उरलेल्या आठ शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या.