डोंगरकडची जमीन रानासाठी राखायची असेल तर : समुदाय राखीव क्षेत्राचा अर्ज

सातारा-सांगलीकडच्या पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडेला कितीतरी वरकस (हलकी, उताराची) जमीन पड आहे. गवे आणि रानडुकरं पीक हाती लागू देत नाहीत, घरची कमावती माणसं मुंबईला. अशी जमीन न विकता रानासाठी सोडायची असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम ३६ सी वाचा. या तरतुदीनं राज्य शासन खासगी किंवा गावकीची जमीन 'समुदाय राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. मालकी तुमचीच राहते.

मालकानं स्वखुशीनं पुढे यायला हवं. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संवर्धन राखीवातली (सरकारी जमिनीवरच्या राखीव क्षेत्रातली) जमीन यात बसत नाही, त्यामुळे कोयना अभयारण्याच्या हद्दीतल्या गटाला हा मार्ग नाही.

अर्ज लेखी, वनपरिक्षेत्र कार्यालयामार्फत उपवनसंरक्षकांच्या नावे करावा. सोबत सातबारा, आठ-अ (खातेउतारा), फेरफार (हक्कबदलाची नोंद), मोजणीचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. खरी अडचण सह्यांची. सातबारावर चुलत्यांची, आत्यांची नावं असतात. सगळे हिस्सेदार गावी येतात ते जत्रेला, तेव्हाच संमतीपत्र करून घ्या. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तिथेही आधी बोला.

आता शेतीवर काय परिणाम होतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच माणसं फसतात. क्षेत्र जाहीर करणारी अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्यावर शासनाची मंजुरी, दोन्ही लागतात. उद्या तिथे ऊस लावू किंवा प्लॉट पाडू म्हटलं तर ते आपल्या हातात राहत नाही. अभयारण्याची काही कलमंही इथे लागू होतात : क्षेत्राला धोका होईल अशी आग लावता येत नाही, वन्यजीवांना इजा करणारी रसायनं वापरता येत नाहीत. म्हणजे राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), उसाचं पाचट पेटवणं, तणनाशक मारणं यांचा विचार आधीच करायला हवा.

माझं सांगणं एवढंच, की पोटापुरतं भातखाचर यात घालू नका. मोजणी करून तेवढा तुकडा बाहेर ठेवा, पडसर तेवढी द्या. आज जमीन कशी वापरात आहे हे ई-पीक पाहणीत (सातबारावर पिकाची नोंद करण्याच्या मोबाइल ॲपमध्ये) नोंदवून ठेवा.

कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरच्या व्यवस्थापन समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतात. व्यवस्थापन आराखडा हीच समिती करते. गवत कधी कापायचं, गुरं कुठवर सोडायची, पाणवठा कुठे करायचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.