पार्श्वभूमी : हूकलेस रिमचा वाद आणि टायरकडून सायकलस्वाराच्या अपेक्षा

सायकलचा नवा टायर बाजारात येतो तेव्हा जाहिरातीत वजन, रुंदी आणि ठरावीक वेगाला वाचणारे वॉट हे तीन आकडे ठळक छापलेले असतात. रोज सायकल चालवणाऱ्याच्या अपेक्षा मात्र वेगळ्या असतात. पंक्चर कमी व्हावे. झालेच तर रस्त्याच्या कडेला बसून हाताने टायर उतरवता आणि चढवता यावा. उतारावर पूर्ण वेगात असताना तो रिमवरून सुटू नये. आणि दोन वर्षांनी टायर झिजला की त्याच रिमवर बसणारा दुसरा मिळावा. या अपेक्षा सव्वाशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. त्यांना दर वेळी किती महत्त्व मिळाले, हे मात्र बदलत गेले. आजचा वाद हूकलेस रिमचा, म्हणजे टायरची कड अडकवून धरणारा आतला आकडा (हूक) नसलेल्या रिमचा आहे.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ सालचे, ब्रिटनमधले. त्या वेळी आजच्यासारखी सायकलच नव्हती, त्यामुळे ते कागदावर पडून राहिले. १८८७-८८ मध्ये बेलफास्टमधल्या एका स्कॉटिश पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तीच कल्पना शोधली आणि तिथून सायकलचे जग बदलले. (जुने पेटंट सापडल्यावर त्याचे पेटंट रद्द झाले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे.) त्याचा टायर लाकडी चाकाला चिकटवून, कापड गुंडाळून बसवलेला होता. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे उकलायचे. त्यामुळे काढता-घालता येणारा टायर ही पहिली मोठी मागणी ठरली, आणि १८९० मध्ये तिला दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. एकात टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार होती. तारेचे वर्तुळ रिमच्या काठापेक्षा लहान असल्याने टायर वर सरकू शकत नसे. दुसऱ्यात टायरची जाड रबरी कड रिमच्या आत वळलेल्या काठाखाली अडकत असे. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीतला विजेता सुट्या होणाऱ्या टायरवरच धावला आणि मागणीवर शिक्कामोर्तब झाले.

तार आणि आकडा या दोन कल्पना लक्षात ठेवाव्या लागतील, कारण आजचा वाद त्यांच्याच भोवती फिरतो.

शर्यतीवाल्यांनी पुढची अनेक दशके तिसराच मार्ग धरला. ट्यूबभोवती शिवलेला आणि रिमला डिंकाने चिकटवलेला ट्युब्युलर टायर हलका आणि मऊ चाले, पण त्याचे पंक्चर काढायचे तर टाके उसवावे लागत. सामान्य माणूस तारेच्या टायरवर राहिला. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, शाळामास्तरांच्या काळ्या सायकलीला तोच टायर होता. रॉड ब्रेकच्या त्या सायकलीची लोखंडी रिम नीट पाहिली तर तिच्या कडा गोल वळवलेल्या दिसतात, पण टायर अडकवायला आत आकडा नसतो. म्हणजे आज ज्याला हूकलेस म्हणतात त्याच्या जवळचे काहीतरी महाराष्ट्राच्या गावागावांत कित्येक पिढ्या बिनतक्रार चालले. टायर रुंद, हवा कमी आणि वेग बेताचा, म्हणून ते चालले.

अडचण सुरू झाली ती टायर अरुंद होऊन हवा वाढली तेव्हा. १९७० च्या दशकात ट्युब्युलरशी बरोबरी करू पाहणारे अरुंद तारेचे टायर आले. शंभर पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) पुढची हवा सरळ भिंतीच्या रिमवर टिकेना. म्हणून रिमच्या काठाला आतून बारीक आकडा आला. तारही राहिली आणि आकडाही आला. पुढची चाळीसेक वर्षे रस्त्यावरच्या सायकलींसाठी हीच जोडी मान्य होती. टायर सुटण्याची भीती सायकलस्वाराच्या मनातून जवळजवळ निघून गेली, आणि माझ्या मते ही त्या रचनेची सगळ्यात मोठी कमाई होती.

मापांचा घोळ मात्र तेव्हाही मिटला नव्हता. आपल्या जुन्या २८ इंची सायकलीच्या रिमचा, टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. हायब्रिड सायकलीवरच्या ७००सी टायरलाही काही कंपन्या २८ इंची म्हणतात, पण त्याचा व्यास ६२२. माउंटन बाइकचे २९ इंची चाकही ६२२ चेच. आणि जुन्या रेसिंग सायकलींचे २७ इंची चाक ६३०, म्हणजे २९ पेक्षा मोठे! इंच हे फुगलेल्या टायरच्या बाहेरच्या अंदाजावरून आले, रिमच्या मापावरून नव्हे, म्हणून हे असे झाले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४०-६३५ किंवा २८-६२२ असे दोन आकडे असतात, रुंदी आणि व्यास. दुकानात फक्त तेच वाचावेत. पुण्या-मुंबईत हायब्रिड सायकली वाढल्या तेव्हा 'अठ्ठावीसचा द्या' म्हणून टायर घेऊन गेलेले किती जण परत आले असतील!

रुंदीबाबतची समजूत गेल्या वीस वर्षांत पूर्ण उलटली. आधी २३ मिलिमीटरचा टायर आणि त्यात दगडासारखी हवा म्हणजे वेग, असे सगळेच मानत. त्यामागे गुळगुळीत पोलादी ड्रमवर घेतलेल्या चाचण्या होत्या. ड्रमवर हवा वाढवली की प्रतिरोध कमी होत जातो, यात खोटे काही नाही. पण खऱ्या रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवर उसळतो, ती थरथर चालवणाऱ्याच्या अंगात जिरते आणि तेवढी ताकद वाया जाते. २००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका छोट्या नियतकालिकाने खऱ्या रस्त्यावर मोजमापे घेऊन रुंद, मऊ बांधणीचा टायर हळू नसतो असे मांडले, तेव्हा बहुतेकांनी मान डोलावली नाही. पुढे व्यावसायिक संघ २५ वर गेले, मग २८ वर. २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी मिळाली आणि ब्रेकच्या चिमट्यात मावेल एवढाच रुंद टायर घेण्याची अट संपली. आता ३० आणि ३२ मिलिमीटर रेसिंग सायकलीवर दिसतात. खड्डे, गतिरोधक आणि उखडलेले साइडपट्टे असलेल्या आपल्या रस्त्यांना हा बदल फार मानवला. इतका फायद्याचा बदल सामान्य सायकलस्वाराच्या वाट्याला क्वचितच येतो.

त्याच सुमारास ट्यूबलेस आले. माउंटन बाइकसाठी १९९९ मध्ये पहिली ठरीव पद्धत निघाली, रस्त्यासाठी २००६ मध्ये. ट्यूब नाही, त्यामुळे रिमवर आदळून तिला चिमटा बसत नाही. आत ओतलेले पातळ सीलंट बारीक भोक आपोआप बुजवते. आपल्याकडच्या पठारी भागातला सराटा अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही तणासारखा पसरला आहे, आणि तिथल्या सायकलस्वारांनी ट्यूबलेस मनापासून का स्वीकारले हे ज्याने एका फेरीत टायरमधून मूठभर सराटे उपसले आहेत त्याला सांगावे लागत नाही. हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटणाऱ्या बारीक पोलादी तारांवरही सीलंट बऱ्यापैकी चालते. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते आणि काही महिन्यांनी पुन्हा ओतावे लागते. शिवाय कोपऱ्यावरचा पंक्चरवाला इथे हात टेकतो. त्याच्याकडे घमेले, कानस, सोल्युशन आणि ठिगळे असतात. ट्यूबलेस टायरची कड रिमवर बसवायला लागणारा एकदम मोठा हवेचा झोत आणि बारीक व्हॉल्व्हचा अडॅप्टर बहुधा नसतो.

यानंतरचा निर्णय सायकलस्वारांनी मागितलेला नव्हता. त्यावर विस्ताराने लिहायला हवे.

माउंटन बाइकच्या कार्बन रिममधून आकडा २०१० नंतर हळूहळू गेला होता. तिथे हवा वीस-तीस पीएसआय, टायर दोन इंचांहून रुंद, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. २०१९-२० च्या सुमारास काही बड्या कंपन्यांनी तीच सरळ भिंत रस्त्यावरच्या चाकांत आणली. कारणे तीन दिली गेली. टायरवरून रिमवर हवा अधिक सफाईने वाहते. जाड सरळ काठ खड्ड्याचा मार जास्त सोसतो. आणि रिम साच्यात घडवणे सोपे होते. तिसरे कारण सगळ्यात खरे आहे. आतल्या बाजूला वळलेला आकडा साच्यातून काढायचा तर सुटा भाग घालावा लागतो किंवा मागाहून कोरावे लागते. सरळ भिंतीत ही मेहनत वाचते आणि खराब निघणाऱ्या रिमही कमी होतात. काही चाके स्वस्त झाली हेही मान्य करायला हवे.

पण आकडा गेल्यावर टायरला धरून ठेवते ती फक्त कडेची तार, म्हणजे बीड, आणि रिमवरचा तिचा घट्ट बसाव. तार जराही ताणली गेली किंवा रिम मिलिमीटरच्या काही दशांशांनी लहान निघाली, तर सावरायला दुसरे काही नाही. म्हणून मानकांनी रस्त्यावरच्या हूकलेस रिमला ५ बारची कमाल मर्यादा घातली, म्हणजे ७२.५ पीएसआय. चालणारा टायर ट्यूबलेस जातीचाच हवा, आत ट्यूब घातली तरीही. कोणता टायर कोणत्या रिमवर चालेल याच्या याद्या प्रत्येक चाक कंपनीने वेगळ्या काढल्या. एका यादीत असलेला टायर दुसरीत नसतो. शंभर वर्षांत पहिल्यांदाच, मापाने बरोबर असलेला टायर घेऊनही तो आपल्या रिमवर सुरक्षित आहे का हे वेगळे तपासण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर आली.

आणि ७२ पीएसआयची ही मर्यादा ऐकायला वाटते तितकी सैल नाही. साठ किलोच्या सायकलस्वाराला २८ च्या टायरमध्ये एवढी हवा कधीच लागत नाही. नव्वद किलोचा माणूस, मागे सामानाची बॅग, ब्रेव्हेवर (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) रात्रीचा खराब रस्ता, अशा वेळी मात्र तो त्या मर्यादेला टेकतो. पंपाच्या काट्यात चार-पाच पीएसआयची चूक असणे नवलाचे नाही. हवामानही आहेच. पहाटे १५ अंशांत ७२ पीएसआय भरली आणि दुपारी टायरमधली हवा ४५ अंशांपर्यंत तापली, तर साध्या गणिताने ती ८१ च्या आसपास जाते. नियम थंड टायरसाठी असतो आणि त्यात राखीव जागा ठेवलेली असते, असे उत्तर यावर मिळते. पण आकड्याच्या रिमवर ही राखीव जागा किती मोठी होती, ते कोणाला मोजावे लागत नव्हते.

रुंद टायर घ्या, हवा कमी ठेवा, प्रश्नच येत नाही, असे कंपन्या सांगतात. सल्ला चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर कडेवरचा ताण वाढतो, कारण तो ताण हवेचा दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकारावर चालतो. म्हणजे रुंदी वाढेल तशी हवा उतरवावीच लागते. ज्याला सवयीने ऐंशीपर्यंत भरायचे असते त्याच्यासाठी रुंद टायर जास्त धोक्याचा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या शर्यतीत एका अनुभवी बेल्जियन सायकलपटूचा पुढचा टायर रिमवरून सुटला आणि तो पडला. चाक हूकलेस, आतली रुंदी २५ मिलिमीटर, टायर २८ चा. टायर आणि रिमच्या जोडीच्या नव्या तक्त्यात अशा रिमवर किमान २९ सांगितला होता, जुन्या समजुतीत २८ चालत होता. आधी दगडावर आदळल्याने रिमला मार बसला आणि म्हणून टायर सुटला, असे कंपन्यांच्या बाजूने सांगण्यात आले. ते खरे असू शकते. पण रस्त्यावर दगड असतातच, आणि मार बसल्यावरही टायर काही क्षण जागेवर राहावा एवढीच तर मागणी आहे. व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेने हूकलेसवर उघड नापसंती व्यक्त केली. आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने आपण हा विषय तपासत असल्याचे जाहीर केले. चर्चा एक मिलिमीटरवर येऊन थांबली होती. एका मिलिमीटरच्या फरकाने जोडी असुरक्षित ठरत असेल तर ती जोडी दुकानात विकायला ठेवण्याआधी हे कळायला हवे होते, एवढे म्हणणे मला अवाजवी वाटत नाही. कंपनीच्या यादीतला टायर, यादीतली हवा आणि शाबूत रिम, असे सगळे जुळवून हूकलेसवर हजारो किलोमीटर निर्धास्त फिरणारे लोक आहेत. मात्र व्यावसायिक संघाचा मेकॅनिकही जिथे नव्या-जुन्या तक्त्यांच्या मध्ये सापडतो, तिथे नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानदाराकडून नेमकी जोडी जुळवण्याची अपेक्षा करणे योग्य नाही.

बाकी आघाड्यांवर वेग कमी आहे. बिनहवेचे टायर शेअर सायकलींवर आले, कारण हजारो सायकलींची पंक्चरे काढणे कोणालाच परवडत नाही. पण ते जड आणि कडक चालतात, आणि लांब अंतरावर मनगटे लगेच सांगतात. आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूच्या जाळीचे, अंतराळ संशोधनातून आलेले टायरही दाखवले गेले आहेत. जुने टायर गोळा करून त्यांचे पुन्हा घटक करण्याचे काम जर्मनीतल्या एका कंपनीने २०२२ पासून सुरू केले. आपल्याकडे झिजलेला सायकल टायर अजून भंगारात किंवा शेकोटीत जातो. दिवसभर इलेक्ट्रिक सायकलवर डिलिव्हरी करणाऱ्यांना जाड, टिकाऊ आणि स्वस्त टायर हवा आहे. शहरांत सायकलवर सगळ्यात जास्त तास घालवणारा वर्ग आज कदाचित तोच असेल, आणि नव्या टायरच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

हूकलेसच्या बाबतीत सायकलस्वार आता तीन ठोस गोष्टी मागत आहेत. रिमवर आतली रुंदी, काठाचा प्रकार आणि कमाल हवा हे न पुसले जाईल असे कोरलेले असावे. टायरच्या बाजूला हूकलेसवर चालेल की नाही हे मोठ्या अक्षरांत छापलेले असावे. आणि आकड्याची रिम ज्याला हवी त्याला ती त्याच दर्जात मिळत राहावी. काही कंपन्यांनी आकडा कधी सोडलाच नाही, आणि आता त्या तो जाहिरातीत अभिमानाने मिरवतात. पहिल्या दोन गोष्टी काही चाकांवर आणि टायरवर दिसू लागल्या आहेत. स्वस्त सायकलींबरोबर येणाऱ्या चाकांवर त्या अजून शोधाव्या लागतात.