जोडीतला फरक आणि जोड्यांमधला फरक

"सर, सगळ्या जोड्या जुळवल्यात की," म्हणत आमच्या पोरानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड, त्यावर पीसीआय एक्सप्रेसच्या (वेगानं डेटा नेणाऱ्या जोडणीच्या) चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा. चारही लेनच्या जोड्या (जोडी म्हणजे प्लस आणि मायनस अशा दोन ट्रेस, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) ६२ मिलिमीटरवर आणलेल्या, त्यासाठी ट्रेसची अक्षरशः जिलेबी पाडलेली. आणि कनेक्टरपाशी एका जोडीतली प्लसची ट्रेस मायनसपेक्षा ३ मिलिमीटर लांब!

'लेंग्थ मॅचिंग', म्हणजे लांबी जुळवणं, हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो, घोळ तिथंच होतो.

हंगामात कारखान्याकडं निघालेली उसाची बैलगाडी आठवा. एका जुवाखालचे दोन बैल बरोबरीनं चालले पाहिजेत; एक पुढं सरला की जू तिरकं होतं. पण चार गाड्या मागंपुढं पोचल्या तर काही बिघडत नाही, वजनकाट्यापाशी थांबतात.

जोडीतला फरक हा बैलांचा. रिसीव्हर दोन ट्रेसच्या व्होल्टेजची वजाबाकी करतो, म्हणून एक वर जाताना दुसरी त्याच क्षणी खाली यायला हवी. एफआर-४ च्या (नेहमीच्या बोर्डाच्या मटेरियलच्या) आतल्या थरात सिग्नलला १ मिलिमीटरला साधारण ७ पिकोसेकंद लागतात. म्हणजे इथं २० च्या आसपास फरक, आणि जेन ३ च्या (पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या) वेगाला एक बिटच १२५ पिकोसेकंदांचा. सहावा हिस्सा गेला. तेवढ्या वेळात दोन्ही ट्रेस एकाच पातळीवर असतात, त्यातून कॉमन मोड, म्हणजे दोन्ही ट्रेसवर एकाच दिशेनं जाणारा सिग्नल, तयार होतो, आणि तो केबलवर चढला की केबलचीच अँटेना होते. ही भरपाई आखूड ट्रेसला छोटे उंचवटे देऊन करायची, तीही कनेक्टरपाशीच, जिथं फरक पडला तिथं. दुसऱ्या टोकाला केली तर लांबी कागदावर जुळते, पण मधली सगळी वाट बैल मागंपुढंच चालतात. (बोर्डातल्या काचेच्या कापडाच्या विणीमुळं लांबी सारखी असूनही वेळ चुकतो, ते दुखणं निराळं.)

जोड्यांमधला फरक गाड्यांचा. पीसीआय एक्सप्रेसमध्ये घड्याळ प्रत्येक लेनच्या डेटातच असतं, आणि सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये रिसीव्हर लेन आपणच ओळीत लावून घेतो. जेन ३ ला रिसीव्हरपाशी लेन-लेनमध्ये ६ नॅनोसेकंदांचा फरक चालतो. एवढ्या वेळात सिग्नल बोर्डावर पाऊण मीटरच्या वर जातो! ६२ मिलिमीटरच्या वाटेसाठी ती जिलेबी कशाला?

पोराचीही अगदीच चूक नव्हती. त्याच बोर्डावर सेन्सरकडून येणारी मिपी डी-फाय लाइन (कॅमेरा सेन्सरची डेटा जोडणी) आहे, तिथं घड्याळाची जोडी वेगळी धावते. डेटाच्या जोड्या तिच्याशी जुळल्याच पाहिजेत. ती सवय त्यानं इकडं आणली.

संध्याकाळपर्यंत जिलेबी गेली, कनेक्टरपाशी उंचवटे आले. मोकळ्या झालेल्या जागेत, चार दिवस कुठंच बसत नव्हतं ते स्क्रूचं भोक बसलं.