दगडफूल आणि शेवाळ: गोंधळ कुठे होतो

उन्हाळ्यात सोलापुरात काळ्या तिखटाची तयारी सुरू झाली की दगडफुलाची पुडी घरात येते, आणि ‘हे वाळवलेलं शेवाळच ना?’ हा प्रश्नही. घोटाळा शब्दांचा आहे. हौदातला हिरवा चिकटा ते शैवल. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चढणारी मखमल ती शेवाळी. दगडफूल हे शैवाक. बोलताना आपण तिघांनाही शेवाळ म्हणून मोकळे होतो.

शेवाळी ही इवलीशी का होईना, वनस्पती: बारीक देठ, त्यावर पानं. दगडफूल हा बुरशी आणि शैवलाचा संसार आहे. अंग जवळजवळ सगळं बुरशीचं. आत अडकलेलं शैवल उन्हात साखर बनवतं आणि त्यावर दोघांचं भागतं.

पाणी शिंपडून ओळखायला जाल तर फसाल, कारण वाळलेली शेवाळी आणि दगडफूल दोन्ही भिजल्यावर हिरवट होतात. तुकडा फाडून बघा. दगडफूल पापुद्र्यासारखं असतं: वरून राखाडी, खालून काळं, फाडलेल्या कडेला मधोमध पांढरी कापसासारखी रेघ. शेवाळीत असे थर नसतात. ती चुरली की देठ-पानं सुटतात.

नाव दगडाचं असलं तरी बाजारातला बराचसा माल झाडांच्या सालीवरून खरवडलेला, तोही सोलापूरच्या कोरड्या माळावरचा नव्हे, डोंगराळ दमट भागातला. खरवडलेली शेवाळी पावसागणिक पुन्हा धरते. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच पसरतं. तळहाताएवढा पापुद्रा व्हायला दहा वर्षं सहज जातात. शिवाय हवेतलं जे येईल ते थेट अंगात शोषत असल्याने गंधकाच्या धुरापुढे बरीच शैवाकं टिकत नाहीत. फ्लोरिडातलं क्लॅडोनिया परफोराटा १९९३ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं, यादीतलं ते पहिलं शैवाक. गरज फक्त माणसालाच असते असंही नाही: छोटा निखार हा पक्षी आपलं वाटीसारखं घरटं बाहेरून साल आणि शैवाकाच्या कपच्यांनी मढवतो, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून. लांबून फांदीची गाठच वाटते.

पुडीत सालीचे तुकडे, माती आणि शेवाळीचे झुबके हमखास निघतात. ते निवडा, चाळा. दगडफूल हलकं असतं, लगेच करपतं; म्हणून धण्यांबरोबर टाकू नका, चमचाभर तेलात मंद आचेवर वेगळं परता. वास सुटला, कुरकुरीत झालं की उतरवा. काळं पडू दिलंत तर डंकावरून आलेलं सगळं तिखट कडवट लागेल.