फिल्मवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची पार्श्वभूमी

राजारामपुरीतून आप्पांच्या एमआरआयची फिल्म आली, ती आम्ही खिडकीच्या उजेडाला धरली. मेंदूच्या मधोमध काळ्या पोकळ्या, त्यांच्या टोकांना पांढऱ्या टोप्या आणि आजूबाजूला चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. रिपोर्टात एकच ओळ होती: सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जुने बदल, फाझेकास २. 'वय झालं की असायचंच' म्हणत घरच्यांनी फिल्म पाकिटात घातली. मला ते पटलं नाही.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे होणारं हे नुकसान पहिल्यांदा दिसलं ते मृत्यूनंतर, सुरीखाली. १८३८ मध्ये फ्रान्समध्ये देशांब्र या डॉक्टरांनी त्यातून मेंदूत पडणाऱ्या बारीक पोकळीला 'लाक्यून' हे नाव दिलं. १८४२ मध्ये द्युरां-फार्देल यांनी चाळणीसारखी भोकं पडलेला मेंदू वर्णिला. १९०१ मध्ये पिएर मारी यांनी अशा ५० रुग्णांची मांडणी केली. त्यात पाय घासत, छोटी छोटी पावलं टाकणारी म्हातारी माणसं होती. आप्पा गेलं वर्षभर रंकाळ्यावर तसेच चालतात. आम्ही चप्पल बदलून पाहिली होती.

'का' याचं उत्तर शोधायला खरी चिकाटी दाखवली ती बोस्टनचे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी. १९६५ च्या निबंधात त्यांनी १,०४२ मेंदू तपासल्याचं नोंदवलं. त्यांतल्या ११४ मध्ये लाक्यून होते, आणि बहुतेकांना रक्तदाब होता. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमनीतून केसाएवढे फाटे थेट आत शिरतात, मेन पाइपलाइनवरूनच घरात बारीक कनेक्शन घ्यावं तसे. दाब सगळा अंगावर, आणि एक तुंबला तर दुसरीकडून पाणी नाही. भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते.

जिवंत माणसात हे दिसायला १९७१ उजाडलं: हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला गेला. एमआरआयवर तर डाग इतक्या जणांत दिसू लागले की त्यांना नाव आणि मोजमाप लागलं. १९८७ मध्ये हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 'ल्युकोअरायोसिस' हा शब्द घडवला. त्याच वर्षी फाझेकास यांची ० ते ३ ची श्रेणी आली. आप्पांच्या रिपोर्टातला २ तिथला. २ म्हणजे ठिपके एकमेकांना जोडायला लागलेत. तिथल्या चेतातंतूंचं वेष्टण झिजलेलं असतं, काही तंतू गेलेले असतात, पाण्याचा अंश वाढलेला असतो; म्हणून ती जागा पांढरी उमटते.

'वय' हा शब्द इथे अर्धाच खरा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' या रक्तदाबावरच्या अभ्यासातल्या एमआरआयचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरचा दाब १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात सुमारे ४ वर्षांत डाग सरासरी ०.९२ घनसेंटिमीटरने वाढले, १४० च्या खाली ठेवायच्या गटात १.४५ ने. वाढ थांबली नाही, पण मंदावली. आप्पांची बीपीची गोळी मधले काही महिने बंद होती, 'बरं वाटतंय' म्हणून. आता ते फेरी मारून आले की पाच मिनिटं टेकून बसतात, मग मी दंडाला पट्टा बांधतो आणि आकडा वहीत लिहितो. आज १३४ होता. गोळीचा डोस वाढवायचा का, हे विचारायला सोमवारी डॉक्टरांकडे वही घेऊन जायचंय.