घरी जोडलेल्या मोटारीचे रंगकाम

सुटे भाग किंवा तयार संच घेऊन घरीच उभारलेल्या मोटारीचा सांगाडा आणि कवच मालकाने स्वतः रंगवणे. कारखान्यात मोटारीचा रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का करतात. घरी भट्टी नसल्याने हवेत वाळणारे किंवा हार्डनर मिसळून घट्ट होणारे रंग वापरावे लागतात, आणि मग काम बरेचसे हवेच्या स्वाधीन होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या सीमाभागात हवा महिन्यागणिक पालटते. त्यामुळे कोणता रंग घ्यावा यापेक्षा तो कधी मारावा, हा प्रश्न इथे मोठा ठरतो.

संचातून मोटार जोडण्याची प्रथा ब्रिटनमध्ये फोफावली. तिथे तयार मोटारीवर खरेदी-कर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर नसे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध मोटार. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली, पण छंद टिकला. भारतात तो रुजला नाही, कारण रस्त्यावर येणाऱ्या वाहनाच्या नमुन्याला अधिकृत संस्थेकडून चाचणी व मान्यता लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. सीमाभागात या कामाचे दोन प्रकार दिसतात : पत्रा-पत्रा जोडून पुन्हा उभी केलेली जुनी जीप, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बांधलेली नळ्यांच्या सांगाड्याची गाडी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि उद्यमबागेत लेथ, वेल्डिंग, ओतकाम हाकेच्या अंतरावर मिळते, त्यामुळे जोडणीचे काम इथे अडत नाही. अडते ते रंगापाशी.

रंगाचा टिकाऊपणा खालच्या पृष्ठभागावर ठरतो, आणि अशा मोटारीत पत्रा, ॲल्युमिनियम व फायबर एकाच कवचात शेजारी-शेजारी येतात. तिघांची तयारी वेगळी. लोखंडी पत्र्यावरचा गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा लागतो. जीपच्या फरशीत आणि मडगार्डच्या आतल्या दुमडीत तो हमखास दडलेला असतो. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, म्हणून घासल्यावर त्याच दिवशी एच (etch, म्हणजे आम्लाने धातूला घट्ट धरणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर मारावा. एच प्रायमरवर थेट पुट्टी लावू नये. त्यातल्या आम्लामुळे पुट्टी नीट घट्ट होत नाही आणि पुढे सुटून येते. पुट्टी लागणार असेल तिथे एचऐवजी इपॉक्सी प्रायमर घ्यावा.

फायबरचे कवच सर्वांत फसवे. साच्यातून निघताना त्यावर मेणाचा थर येतो. तो आधी सॉल्व्हंटने पुसून मगच पॉलिश पेपर लावायचा. क्रम उलटा झाला की मेण ओरखड्यांत शिरते आणि तिथे रंग धरत नाही. कवच नवे असेल तर काही आठवडे उन्हात ठेवून पूर्ण पिकू द्यावे, नाहीतर रंगानंतर ते आकसते आणि आतल्या काचतंतूंच्या विणीची जाळी वर उमटते. गडद रंग उन्हात जास्त तापतो, त्यामुळे त्यावर हा दोष लवकर दिसतो. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पुट्टीने दाबून भरावीत. प्रायमर त्यांच्यावरून फक्त पूल बांधतो, ती बुजवत नाही.

घासण्याचा क्रम साधारणपणे पुट्टीला ८० ते १८० नंबरचा पेपर, प्रायमरला ३२०, आणि शेवटच्या रंगाआधी ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर. पेपर नुसत्या बोटांनी न धरता लाकडी किंवा रबरी ब्लॉकवर गुंडाळावा. प्रायमरवर काळ्या रंगाची हलकी फवारणी करून घासले की खड्डे काळे राहतात आणि उंचवटे उघडे पडतात. नवशिक्याने एवढी एक गोष्ट मनावर घेतली तरी काम कितीतरी सुधारते. स्पर्धेच्या गाडीत मात्र नळ्यांच्या वेल्डवर पुट्टी चढवू नये. तो सांधा चालकाचा जीव राखतो, तो तपासायला उघडा दिसलाच पाहिजे.

आता हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीला टेकून वसले आहे. जूनपासून पश्चिमेचा पाऊस लागतो आणि खानापूरकडे तर भिंतीही ओल धरतात. अशा दिवसांत नायट्रोसेल्युलोज, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला एनसी रंग मारला, की थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि रंगावर पांढुरकी धुंदी येते. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर घालून ती थोडी आवरते, तरी खरा उपाय थांबण्याचाच. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवे, असा नियम आहे. थंडीतही पहाटेच्या गार बॉनेटवर दव असते, म्हणून ऊन वर आल्यावर सुरू करून दुपार कलायच्या आत आटोपावे.

दिवाळी ते शिमगा हा काळ कोरडा, पण निर्धोक नाही. चिकोडी, निपाणी, संकेश्वर पट्ट्यात तेव्हाच उसाचा हंगाम असतो. फड तुटल्यावर पाचट पेटवतात आणि काजळीचे काळे तुकडे वाऱ्यावर लांबपर्यंत जातात. ओल्या पांढऱ्या रंगावर पडलेला असा तुकडा उचलायला गेले की फराटा उठतो. तो तसाच वाळू द्यावा आणि नंतर घासून काढावा. वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांच्या गल्ल्यांत सुताचे तंतू हेच काम करतात. एप्रिल-मेमध्ये तांबडी धूळ उडते, त्यात संध्याकाळी वळीव. शेडला प्लास्टिकचा पडदा लावून जमीन पाण्याने भिजवली तर धूळ बरीच बसते.

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा दाबली गेली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन साठतो. तो रंग फवारणाऱ्या गनपर्यंत गेला तर रंगावर फोड येतात, तेल गेले तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. टाकीचे पाणी रोज सोडावे आणि गनजवळ पाणी अडवणारा फिल्टर लावावा. रंगासाठी १.३ ते १.४ मिमीचे नोझल, प्रायमरला १.७ च्या आसपास. गन पृष्ठभागाला काटकोनात, वीतभर अंतरावर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मनगट वळवू नये, पूर्ण हात चालवावा. जवळून मारला तर रंग ओघळतो. लांबून मारला तर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत काया येते.

रंगाची निवड ही शेवटी प्रकृतीची बाब आहे. एनसी रंग लवकर वाळतो, कधीही पुन्हा घासता येतो, चुका पोटात घेतो; चमक मात्र पॉलिशने काढावी लागते. पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, कितीतरी कणखर, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतले की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणते. घातक प्रमाणातही त्याचा वास येईलच असे नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत, शेजारी लेकरे झोपलेली असताना, पीयूची गन चालवूच नये. तयारी घरी करून शेवटचे हात बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्यावेत. त्याने काम स्वतःचे राहत नाही असे मुळीच नाही.

रंग हा नोंदणी पुस्तिकेतला एक तपशील असतो. बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ जीप वेगळ्या रंगात रंगवली, तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या या गावात लष्करी जीपचे आकर्षण साहजिकच मोठे, पण लिलावातून आलेली जीपही खासगी नोंदणीवर त्या रंगात चालवता येत नाही.